छपराबाबतची कार्यवाही

सूर्य सर्वांना सारखाच प्रकाश देतो, हे मान्य. मात्र तो कोणत्या योजनेतून देतो, हे त्याने आजवर स्पष्ट केलेले नाही. त्यामुळे आमच्या कार्यालयात त्याच्याकडे थोड्या संशयानेच पाहिले जाते.

मी फिरती साधने कक्षात वरिष्ठ सहाय्यक आहे. चाके असलेली, पण स्वतःहून न चालणारी प्रत्येक सरकारी वस्तू माझ्या टेबलाकडे येते. (एक फिरते वाचनालय, दोन फिरती स्वच्छतागृहे आणि एक फिरते व्यासपीठ. हे व्यासपीठ गेली नऊ वर्षे कार्यालयाच्या मागे आहे. त्याच्याखाली कुत्री व्यायली आहे.) यातलीच एक वस्तू म्हणजे प्रवासी ट्रेलर क्रमांक एक. क्रमांक दोन अस्तित्वात नाही. परंतु एक असे लिहिले की दोन येणार आहे, असा जनतेला विश्वास वाटतो.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. जीपच्या मागे जोडायची आणि हवी तिथे नेऊन उभी करायची. आत दोन अरुंद पलंग, एक बेसिन, एक खिडकी. वर कासवाच्या पाठीसारखे गोलसर छप्पर. वाघ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना रानाच्या कडेला मुक्काम करता यावा, म्हणून तो चंद्रपूरकडे आणला गेला. लोकार्पण मे महिन्यात झाले. चंद्रपूरचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पहिले पाहुणे सकाळी अकरा वाजता दार उघडून बाहेर आले आणि वाघाच्याच दिशेने चालू लागले, कारण सावली त्या बाजूला होती. दुसरे पाहुणे आले नाहीत.

मग ट्रेलर गडचिरोलीला वर्ग झाला आणि 'फिरता दवाखाना' असे नाव रंगवून येरमटोल्याला उभा राहिला. येरमटोला हे रानातले गाव. अलीकडे एक नाला आहे. पावसाळ्यात नाला भरला की गाव चार-सहा दिवस जगापासून तुटते. (जगाला हे कळत नाही.) दवाखान्यात नेमणूक झाली रंजीता उसेंडी या आरोग्यसेविकेची. एका पलंगावर सिस्टर झोपत, दुसऱ्यावर रुग्ण. मधे एक लहान फ्रीज होता. त्यात बाळांच्या लशी आणि सापाच्या विषावरच्या औषधाच्या कुप्या. फ्रीजला वीज येई ती ग्रामपंचायतीच्या खिडकीतून ओढलेल्या वायरीतून. पावसाळ्यात येरमटोल्याला वीज भरपूर असते, पण ती आकाशात असते.

सिस्टरांनी अर्ज केला. अर्ज माझ्याकडे आजही आहे. विषय नाही, संदर्भ नाही, "उपरोक्त" हा शब्द एकदाही नाही. मजकूर एवढाच: "छपरावर सोलर लावून द्यावे. लाईन जाते तेव्हा औषध खराब होते. रोवणीच्या दिवसात साप निघतात." रोवणी म्हणजे धानाची लावणी, बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. इतका त्रोटक अर्ज असूनही कार्यालयाने तो फेटाळला नाही, हे आमच्या संवेदनशीलतेचे उदाहरण आहे. चौदा महिन्यांत तो एकतीस टेबलांवरून फिरला. एकोणीस टेबलांनी सहमती दर्शवली, अकरांनी "पाहिले" असे लिहिले आणि एकाने त्याच्यावर चहा सांडला.

छप्पर गोल असल्याने काचेचे ताठ पॅनेल बसेनात. म्हणून लवचिक पॅनेल मंजूर झाले. ते पुठ्ठ्याएवढे पातळ असतात आणि ओल्या पापडासारखे वाकतात. चार कोपऱ्यांना पितळी कड्या असतात. मंजुरीच्या टिपणीत 'लवचिक' हा शब्द पाहून आमच्या साहेबांना गहिवरून आले. कार्यालयाच्या इतिहासात तो प्रथमच चांगल्या अर्थाने वापरला गेला होता.

वरोऱ्याहून सुनिल नावाचा मिस्त्री आला. त्याने छप्पर धुतले, पुसले, चार पॅनेल पाठीच्या गोलाईवर निजवले, कड्यांतून पट्टे ओवून आवळले, वायर छपरातून आत घेतली, भोकाभोवती गोंद भरला, बॅटरी जोडली. एका सकाळीत काम संपले. जाताना सिस्टरांना म्हणाला, "बाई, याच्यावर पाय नका देऊ. अन् सावली नका पडू देऊ. एका कोपऱ्यावर जरी सावली आली ना, तं पुरं पॅनेल बसून जाते."

संध्याकाळी फ्रीजच्या काट्याने चार अंश दाखवले. काम समाधानकारक झाले असे म्हणता आले असते. परंतु काम समाधानकारक झाले हे फोटोशिवाय म्हणता येत नाही.

आठ दिवसांनी साहेब आणि मी पाहणीला गेलो. नियमानुसार फोटोत चार गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात: साधन, साधनावर लिहिलेले योजनेचे नाव, पाहणी अधिकारी आणि लाभार्थी. साहेब ट्रेलरसमोर उभे राहिले. लाभार्थी म्हणून दोन बाळंतिणी उभ्या केल्या. मी मोबाईल धरला.

"पॅनेल कुठे आहेत?" साहेब म्हणाले.

"वर आहेत, सर."

"वर म्हणजे?"

"छपरावर."

साहेबांनी मान वर केली. त्यांना आकाश दिसले. आकाश आमच्या कार्यालयाने पुरवलेले नसल्याने त्याचा फोटो चालणार नव्हता. तिथेच समितीची बैठक झाली. (समिती म्हणजे साहेब आणि मी.) साहेबांनी शिडीवर चढावे, ही सूचना साहेबांनी नामंजूर केली. बाळंतिणींनी छपरावर बसावे, ही सूचना सिस्टरांनी. ड्रोन उडवायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत बाळे शाळेत गेली असती. ट्रेलर एका बाजूने उचलून तिरपा धरावा, असे मी सुचवले; पण गावातले पुरुष शेतात होते. शेवटी साहेबच म्हणाले, "पॅनेल लवचिक आहेत ना? मग त्यांनाच खाली आणा. भिंतीवर लावा."

दक्षिणेच्या भिंतीला दार होते आणि दाराशेजारी योजनेचे नाव. उत्तरेची भिंत मोकळी होती. नाव तिकडे पुन्हा रंगवून घेता येण्यासारखे होते.

"सर," रंजीता सिस्टर म्हणाल्या, "ऊन वरतून येते. त्या भितीले तं दिवसभर सावलीच राह्यते."

"सिस्टर, प्रकाश सगळीकडे असतो," साहेब प्रेमाने म्हणाले. "तिथे अंधार आहे का?"

अंधार नव्हता. तसे मी टिपणीत नोंदवले. भिंतीला आठ हुक ठोकले, कड्या अडकवल्या, फोटो काढला. फोटो अतिशय स्पष्ट आला. यापुढे दर महिन्याला असाच फोटो पाठवावा, असा लेखी आदेश निघाला.

आम्ही निघून गेल्यावर तिथे काय घडले, ते मला फार उशिरा कळले. येरमटोल्यात धुरपता नावाची एक सून आहे. तिने लग्नाआधी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स केला होता. गावातले मोटारपंप, मिक्सर आणि टॉर्च तिच्याच हातून दुरुस्त होत. तिने भिंतीकडे पाहिले आणि विचारले, "सिस्टर, हे काय चादरी वाळू घातल्या का?"

सिस्टरांनी आदेश दाखवला. धुरपताने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि शिडी आणली. त्याच दुपारी चारही पॅनेल छपरावर गेले. शिवाय तिने एक जास्तीचे, कोणत्याही आदेशात नसलेले काम केले. पॅनेल पत्र्याला चिकटून राहिले की खालून तापतात आणि तापले की कमी काम करतात. म्हणून तिने बांबूच्या कामट्या चिरून खाली आडव्या अंथरल्या, म्हणजे मधून वारा खेळेल. बांबू गावचा होता. (त्याची कुठेही नोंद नाही, याचे मला आजही वाईट वाटते.)

पाहणी असली की पॅनेल खाली, पाहणी संपली की वर. अर्धा तास लागे. पाहणीच्या आदल्या दिवशी मी सिस्टरांना निरोप पाठवत असे. अचानक जाऊन कुणाला अडचणीत पकडणे आमच्या कार्यालयात असभ्य मानले जाते.

जुलैत मी एकटाच गेलो. साहेब प्रशिक्षणाला होते. (विषय: क्षेत्रभेटीचे महत्त्व.) फोटो काढला. पॅनेल भिंतीवर शिस्तीत लटकत होते. जीप मला सोडून नाल्यापलीकडच्या गावी गेली होती, ती दोन तासांत येणार होती. एका तासात पाऊस आला आणि नाला भरला. जीप पलीकडे, मी अलीकडे.

गावातले वडीलधारे लालसू यांनी मला आपल्या घरी नेले. तांदळाचा भात आणि अंबाडीची भाजी वाढली. त्यांची सून सुकरी पाट मांडताना हसून म्हणाली, "साहेब, आता चार दिवस तुमी आमचे पाहुने. नाला कोनाचं आयकत नाई."

वीज दोन दिवसांपासून गेलेलीच होती. आणि मी गावात असल्यामुळे पॅनेल भिंतीवरच होते. पाहणी अधिकारी हलत नव्हता, म्हणून पाहणी संपत नव्हती. हे मला तेव्हा उमगले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. ढगांतून लख्ख ऊन पडले होते. रंजीता सिस्टरांनी मला बोलावून फ्रीजचा काटा दाखवला.

"सर, सात झालं. आठच्या वर गेलं की सापाचं औषध भरवशाचं राह्यत नाई. बॅटरी संपली."

"पॅनेल तर आहेत."

"भितीवर आहेत."

"आदेश भिंतीचाच आहे."

"आदेश भितीचा आहे, सर. ऊन छपरावर आहे."

बावीस वर्षांच्या सेवेत इतके मुद्देसूद निवेदन मी ऐकले नव्हते. मी त्यांना लेखी द्यायला सांगितले. त्यांनी औषधाच्या खोक्याच्या मागे लिहून दिले. पण त्यावर सही करायला साहेब हवेत, साहेब नाल्यापलीकडे, फोन फक्त गावामागच्या टेकाडावर लागतो आणि साहेब प्रशिक्षणात फोन उचलत नाहीत. माझ्या स्वतःच्या अधिकारात फक्त जावक क्रमांक देणे येते.

धुरपता शिडीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तुमी नाल्यावर जाऊन पानी पाहून या ना. उतरलं का नाई."

"किती वेळ लागेल?"

"तुमी किती हळू चालता त्याच्यावर हाय."

मी छत्री घेतली आणि निघालो. माझ्या सेवापुस्तकात एकही शेरा नाही, चांगलाही नाही. आदेशाविरुद्ध काही घडताना दिसले की कळवणे माझे काम. न दिसले तर न कळवणे, हेही माझेच काम. मी वाटेतले प्रत्येक मोहाचे झाड थांबून पाहिले. नाल्याशी उकिडवा बसून पाणी मोजले, म्हणजे पाण्याकडे बघत राहिलो. जेवणाच्या वेळेला परत आलो. ट्रेलरची उत्तरेची भिंत मोकळी होती. मी मान वर केली नाही. मान वर न करण्याचा सराव आमच्या नोकरीत दांडगा असतो.

संध्याकाळी सिस्टरांनी काटा दाखवला. पाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, आरडाओरडा झाला. चार माणसे खाट उचलून पळत आली. खाटेवर सुकरी होती. धानाची पेंढी उचलताना साप चावला होता. जाडी, चट्ट्याचट्ट्यांची घोणस, जिला इकडे परड म्हणतात. पाय पोटरीपर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होते. ती ओरडत नव्हती. फक्त लालसूंचा हात घट्ट धरून होती.

रंजीता सिस्टरांनी काचेच्या नळीत तिचे थोडे रक्त घेतले आणि नळी उभी ठेवली. "वीस मिनिटं कोनी हात नका लावू," त्या म्हणाल्या. "गोठलं तं ठीक. नाई गोठलं तं औषध द्या लागन." मग माझ्याकडे वळल्या. "सर, टेकाडावर जा. डॉक्टरले फोन लावा अन् ते काय म्हन्तात ते ओरडून सांगा. जसंच्या तसं."

मी धावलो. शेवटचा केव्हा धावलो होतो, आठवत नाही. टेकाडावर एका दगडावर उभे राहिले तरच आवाज येत होता. खाली ट्रेलरच्या दारात धुरपता कान देऊन उभी. वीस मिनिटे गेली. तिने हात आडवा हलवला. रक्त गोठले नव्हते.

"दहा कुप्या!" डॉक्टर म्हणाले.

"दहा कुप्या!" मी ओरडलो.

"सलाईनमधून. सुरुवातीला अगदी हळू."

"सलाईनमधून! सुरुवातीला अगदी हळू!"

"अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर थांबवा आणि मला सांगा."

वरून आलेला आदेश मी आयुष्यात प्रथमच खाली जसाच्या तसा पोचवला. त्यात माझा शेरा नव्हता, "आवश्यक त्या कार्यवाहीस्तव" नव्हते. तासभर मी त्या दगडावर उभा होतो. घसा बसला. उतरून आलो तेव्हा लालसू दाराशी उभे होते. ते आत डोकावून विचारत होते, "औषध चांगलं हाय ना, बाई?"

"चांगलं आहे, बाबा. थंडच होतं."

लालसूंनी छपराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "साहेब, ते वरतं तुमी लावले?"

होय म्हणता येत नव्हते. नाही म्हणवत नव्हते. मी म्हणालो, "मी तेव्हा नाल्यावर होतो."

त्यांनी मान हलवली आणि मला पाण्याचा तांब्या दिला.

दुपारनंतर हिरड्यांतून येणारे रक्त थांबले. सूज मांडीवर चढली नाही. पाचव्या दिवशी नाला उतरला तेव्हा सुकरी पलंगावर बसून विचारत होती, की तिच्या बांधीतली रोवणी कोणी केली. बायांनी केली होती. ओळी वाकड्या आल्या आहेत, असे तिचे म्हणणे पडले.

मी परतलो आणि अहवाल लिहायला बसलो. खरे लिहिले तर रंजीता सिस्टर आदेशभंगात सापडत होत्या, धुरपता शासकीय मालमत्तेशी छेडछाड करण्यात आणि मी नाल्यावर जाण्यात. म्हणून मी लिहिले: "पॅनेल विहित ठिकाणी असल्याने औषध सुस्थितीत राहून एका महिलेचे प्राण वाचले." विहित ठिकाण कोणते, हे लिहिले नाही. अहवालात खोटे काही नव्हते, याकडे मी नम्रपणे लक्ष वेधतो.

साहेबांनी अहवाल वाचला आणि उठून उभे राहिले. "बघा! मी म्हटलं नव्हतं? प्रकाश सगळीकडे असतो."

मग पुढचे सारे वेगाने झाले. (एखादी गोष्ट चुकीची असली की आमच्याकडे कमालीचा वेग येतो.) 'भिंतीवरचा सूर्य' या नावाने प्रयोगाचे सादरीकरण झाले. सात तालुक्यांनी आपापल्या फिरत्या वस्तूंच्या भिंती मोजून पाठवल्या. सुकरीला ट्रेलरच्या उत्तरेच्या भिंतीशी उभे केले, मागे पॅनेल, शेजारी साहेब. तिचा पाय अजून दुखत होता. फोटोवाल्याने "हसा" म्हटले तेव्हा तिने धुरपताकडे पाहिले, धुरपताने तोंडाला पदर लावला आणि सुकरीला खरेच हसू आले. फोटो सुंदर निघाला. वर्तमानपत्रांत आला, मग मोबाईलवर फिरला. माझ्या माहितीप्रमाणे पहिल्या आठवड्यात तो सहा हजारांहून अधिक लोकांनी पुढे पाठवला. बहुतेकांनी खाली हात जोडलेले चित्र टाकले.

त्यानंतर आदेश आला: इतके उपयुक्त पॅनेल हुकांवर लोंबत ठेवणे योग्य नाही, ते भिंतीला रिव्हेट मारून कायमचे पक्के करावेत. रिव्हेट मारला की पॅनेलला भोक पडते आणि ते पुन्हा निघत नाही. ही बातमीही छापून आली. फाईल माझ्या टेबलावर आली.

गेले दहा महिने मी त्या फाईलवर जेवढे काम केले, तेवढे कोणत्याही फाईलवर केलेले नाही. आधी रिव्हेटची जाडी विचारली. जाडी कळल्यावर रिव्हेट पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, यावर भाषा विभागाचे मत मागवले. मत आल्यावर फाईल हरवली. सापडल्यावर तिची पृष्ठसंख्या चुकली. बावीस वर्षे ज्या कामासाठी लोकांनी मला शिव्या दिल्या, ते काम इतके उपयोगी असेल, याची मला कल्पना नव्हती. परवा रंजीता सिस्टरांचा फोन आला.

"सर, फाईल कुठी आहे?"

"प्रक्रियेत आहे."

"राहू द्या तिथंच. तीन आठवड्यांत रोवणी लागन."

तरीही एक नियम माझ्या हातात नाही. जागरूक नागरिकाचे स्मरणपत्र आले, तर फाईल सात दिवसांत निकाली काढावी लागते. त्या सहा हजारांपैकी पॅनेल छपराऐवजी भिंतीवर का, असे एकानेही विचारले नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. काल पत्र आले. "सुकरीताईंचा फोटो पाहून डोळे पाणावले. असे जीवनरक्षक पॅनेल अद्याप पक्के का केले गेले नाहीत? ही फाईल दाबून बसलेला निगरगट्ट कारकून कोण?" भाषा शुद्ध होती, कळकळ खरी होती. लिहिणारा माणूस वाचणारा होता, हे दर ओळीत दिसत होते.

खाली नाव होते. ते मी इथे देत नाही. वाचकहो, तो फोटो पुढे पाठवताना आपण आणखी काय काय लिहिले होते, एवढे कृपया तपासून पाहावे.